सोडलेला रोजा, मोडलेला रोजा

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असा मजकूर काढून, थोडं आटोपशीर करून देते आहे.)

"सलाम, आपा. माझं वय २६. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ओतकामावर आहे. यंदा बाराव्या रोज्याला दुपारी अडीचच्या सुमाराला भट्टीजवळ डोळ्यांपुढं अंधारी आली, भिंतीला टेकलो. माझ्याबरोबरचा पाटील काही न बोलता पाण्याचा जग पुढं करून तोंड फिरवून उभा राहिला. मी दोन ग्लास पाणी प्यालो. संध्याकाळी घरी गेलो तर अम्मीनं नेहमीसारखा खजूर हातात दिला. अब्बा पाहुण्यांना सांगत होते, माझा पोरगा भट्टीपुढं रोजा धरतोय. मी सगळ्यांबरोबर बसून रोजा सोडला. आजवर कुणाला सांगितलं नाही.

पुढचे अठरा रोजे पुरे केले, तराबीही (रमजानातली रात्रीची नमाज) चुकवली नाही. पण रोज मनात यायचं, हे कुणासाठी चाललंय? अल्लाहसाठी असतं तर त्या दिवशी प्यालो नसतो. लोकांसाठीच असणार, म्हणून तर लपवलं. म्हणजे ढोंगच. ईदला मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर गळाभेट घेताना मान वर होईना. रमजानात दिवसभर मावा बंद होता, ईदच्या संध्याकाळी परत टपरीवर. हेही ढोंग. आणि रोज्यात माझी चिडचिड किती होते! सुपरवायझरवर खेकसलो दोनदा. खरा रोजेदार असा असतो का?

पुढच्या वर्षी रोजेच धरू नयेत असं वाटतंय. ढोंग करण्यापेक्षा ते बरं. आणखी एक. अब्बांना आठ वर्षं साखर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर रोजे नको म्हणतात, ते ऐकत नाहीत. चाळीस वर्षांत एक रोजा चुकला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी असला, त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

वालेकुम सलाम, बेटा.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शब्द मोजले, ही माझी जुनी खोड. 'ढोंग' तीनदा आहे. अंधारी मात्र एकदाच, तीही अर्ध्या ओळीत उरकलेली. बीड ओततात तेव्हा ते १४०० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्याच्या शेजारी उभ्या माणसाला अंधारी आली तर कुठं पडायचं हे त्याच्या हातात राहत नाही, आणि तो कुणाला घेऊन पडेल हेही नाही. पाटलाला ते त्याच क्षणी कळलं. तुला अजून कळलेलं दिसत नाही, म्हणून आधी तेच लिहिलं.

फतवा देणं माझं काम नाही. एका रोज्याची कजा, म्हणजे तो नंतर भरून काढणं, पुरे की आणखी काही, हे धर्मशास्त्र जाणणाऱ्या आलिमाला विचार. विचारताना भट्टी, वेळ, अंधारी, सगळं सांग. 'रोज्यात पाणी प्यालो' एवढंच सांगितलंस तर उत्तरही तेवढ्याचंच मिळेल. पण कुरआनात रोज्याचा हुकूम जिथं आला, सूरह बकराच्या १८३ ते १८५ या आयतींत, तिथंच हुकमाला लागूनच आजारी माणसाची आणि प्रवाशाची सवलत आली आहे: राहिलेले दिवस पुढं भरून काढा. आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपं व्हायला हवंय, अवघड व्हायला नको, हेही तिथंच आहे. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांबद्दल जाणकार साधारण असं सांगतात की नियत करून रोजा सुरू करावा, जिवाला अपाय होण्याची वेळ आली तर मोडावा आणि नंतर कजा करावा.

मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यानंतर अठरा रात्री तू तराबीला उभा होतास. इमामसाहेब दहा पावलांवर. एकदाही विचारलं नाहीस. का? माझा अंदाज सांगते, चुकला तर कळव. विचारलं असतंस तर उत्तर कदाचित सौम्य आलं असतं, आणि मग स्वतःला मारायला हातात आसूड राहिला नसता.

मराठीत उपास सोडतातही आणि मोडतातही. अक्षर एक बदललं की अर्थाचं दुसरं टोक. तू दुपारी मोडलास आणि संध्याकाळी, मोडलेला असताना, सोडलास. तुला टोचतंय ते संध्याकाळचं, पण शिक्षा देतो आहेस दुपारला. पाणी पिणं ही शरीराची गरज होती. खजूर तोंडात घालून गप्प बसणं, हे तुला नको होतं तरी केलंस. दोन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधल्यास म्हणून गाठोडं इतकं जड झालं आहे. आधी ते सोड. दुपारचा हिशेब आलिमांकडे. संध्याकाळचं आपण बघू.

आता 'कुणासाठी'.

माझा पहिला रोजा १९८५ सालचा. त्या वर्षी रमजान मेअखेरीला सुरू होऊन जूनमध्ये गेला होता. (चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी.) मी नऊ वर्षांची. नवा सलवार-कुर्ता, गळ्यात मोगऱ्याचा हार, मामांनी दिलेली दहाची नोट, शेजारच्या कुलकर्णी काकू 'आमची पोर ती' म्हणून बघायला आलेल्या. मी रोजा कुणासाठी धरला होता? हारासाठी. त्यात अल्लाह किती होता मला माहीत नाही, नोट पुष्कळ होती. आणि दुपारी वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना, गुळणी करताना, एक घोट आत गेला. गेला की मी घातला, हे मला आज चाळीस वर्षांनीही नक्की सांगता येत नाही. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे, आणि तेही छापून.

बहुतेकांचा रोजा हारापासूनच सुरू होतो. इथं लहान पोरानं पहिला रोजा पुरा केला की पेपरात फोटो येतो. त्यात वाईट काही नाही. लहान मूल कुठलीही गोष्ट आधी दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर करतं, आणि मग कधीतरी, कुणाच्या लक्षात न येता, ती त्याची स्वतःची होते किंवा होत नाही. धर्माच्या मानसशास्त्रात गेली साठेक वर्षं ज्याचा अभ्यास चालला आहे ते मुख्यतः हेच: बाहेरचं आत कसं येतं, आणि आत येताना त्याचं काय होतं.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९६७ मध्ये त्यांनी आणि रॉस यांनी धार्मिक माणसांचे दोन कल मांडले: एक जो धर्म वापरतो, दुसरा जो धर्म जगतो. पहिल्याला धर्मातून मान, ओळखी, आधार हवा असतो, दुसऱ्याला धर्मच हवा असतो. तू स्वतःशी हेच करतो आहेस, फक्त ऑलपोर्टांचं नाव न घेता. पण ऑलपोर्टांपुढं चर्चला जाणारे अमेरिकन होते. चारचौघांत बसण्यासाठी देवळात येणारा माणूस म्हणजे वरवरचा, असं तिथं मानलं गेलं. आपल्याकडं जमातीनं, सगळ्यांनी मिळून, नमाज पढणं हे इबादतीचं, उपासनेचं अंगच आहे, इफ्तार एकट्यानं करणाऱ्याला लोक हाक मारून बोलावतात, आणि चंद्र दिसला का हे सबंध मोहल्ला गच्चीवर चढून बघतो. तिथं 'लोकांसाठी' आणि 'अल्लाहसाठी' असे दोन डबे करून रोजा कुठल्या डब्यात टाकणार? मला तरी ते कधी जमलं नाही. वारीला जाणाऱ्यालाही जमणार नाही.

मला जास्त उपयोगी वाटते ती पुढची मांडणी, डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांची. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ती धर्माला लावून पाहिली. त्यांचा अभ्यास ख्रिस्ती लोकांवरचा होता, पण वाचताना मला आपली माणसं दिसत होती. त्यांचं म्हणणं असं: बाहेरचा नियम आत येतो, पण दोन तऱ्हांनी. एकात माणूस तो नियम पटवून घेतो. 'हे माझं आहे, मला यात अर्थ दिसतो.' दुसऱ्यात नियम आत येतो पण पटवलेला नसतो, नुसता गिळलेला असतो. बाहेरचा हवालदार आत येऊन बसतो एवढंच. मग माणूस शरम टाळायला, अपराधीपण टाळायला, स्वतःच्या नजरेत पडू नये म्हणून करत राहतो. बाहेरून बघाल तर दोघांचेही तीस रोजे पुरे. पण पहिल्या तऱ्हेच्या माणसांचं मन बरं राहतं आणि दुसऱ्या तऱ्हेच्यांचं खराब, असं त्यांना आढळलं.

म्हणजे प्रश्न 'लोक की अल्लाह' इतका सोपा राहत नाही. तिसरा एक पाहुणा आहे, हवालदार. आणि तुझ्या पत्रात मला तोच दिसतो.

बघ. बाराव्या रोज्याला तुला एक गोष्ट कळली, जी बहुतेक रोजेदारांना आयुष्यात कळत नाही: लपवता येतं. दोन ग्लास पाणी पिऊन कुणाला पत्ता लागला नाही, उलट कौतुकच झालं. तू जर लोकांसाठी रोजे धरणारा असतास तर तुझा मार्ग तिथंच मोकळा झाला होता. रोज अडीच वाजता पाणी, रोज संध्याकाळी खजूर. फौंड्रीत नळ आहे, संडास आहे, पाटील तोंड फिरवून उभा राहणारा आहे. त्यानंतरचे अठरा दिवस नळाशी तू एकटाच होतास आणि प्यायला नाहीस. नमाज दिसते, जकात घेणाऱ्याला तरी कळते, हजला जाणाऱ्याला हार घालून निरोप देतात. रोजा एकच असा की जो दिसत नाही, कारण तो न केलेल्या गोष्टींचा बनलेला असतो. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन असं अल्लाहचं म्हणणं येतं. त्याचं एक कारण विद्वानांनी हेच दिलं आहे, की त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

तेव्हा ते अठरा रोजे लोकांसाठी नव्हते, एवढं मी खात्रीनं सांगते. प्रेमानं होते का? तसंही पत्रात दिसत नाही. बाराव्याच्या बदल्यात स्वतःला दिलेले फटके होते ते. तहान, वर अपराधीपण, आणि वर गप्प राहण्याचा ताण. असा रोजा पुरा होतो, पण धरणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. आणि मग तो म्हणतो, पुढच्या वर्षी नकोच.

त्या 'नकोच' बद्दल. फुज़ैल बिन इयाज़ हे आठव्या शतकातले मोठे सूफी. तारुण्यात वाटमारी करायचे असं सांगतात, त्यामुळं ढोंग कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक असावं. त्यांचं एक म्हणणं चालत आलं आहे: लोकांसाठी एखादं सत्कर्म करणं वाईट, पण लोकांसाठी ते सोडून देणं हीही रियाच, दिखाऊपणाच. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा तुझ्यासाठी आहे. आपल्या मनात भेसळ आहे म्हणून रोजाच नको म्हणणारा माणूसही शेवटी लोकांच्या नजरेचाच हिशेब करत असतो, फक्त आता त्या लोकांत तो स्वतःही बसलेला असतो. शंभर नंबरी नियत हाती येईपर्यंत थांबायचं ठरवलं तर कोल्हापुरात एकही रोजा धरला जाणार नाही, आणि एकही चतुर्थी.

माव्याचं थोडक्यात. ते ढोंग नव्हे, ती टपरी आहे. सवय ही बरीचशी जागेला, वेळेला आणि सोबतीला चिकटलेली असते. रमजानात उठण्याची वेळ बदलते, जेवणाची बदलते, मित्रांच्या बसण्याची जागा बदलते, म्हणून तंबाखूची आठवण करून देणाऱ्या खुणाच नाहीशा होतात. ईदच्या संध्याकाळी त्या सगळ्या एकदम परत येतात आणि तू त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं उभा. पुढच्या खेपेला शेवटच्या दहा दिवसांत ठरव, ईदच्या संध्याकाळी कुठं असशील आणि कुणाबरोबर. तराबीनंतर रात्री खात होतास का हे लिहिलं नाहीस. खात असलास तर मावा बंद नव्हताच, फक्त त्याची पाळी बदलली होती. आणि तोंडाच्या डॉक्टरांना एकदा दाखव. हे मी आई म्हणून सांगते.

चिडचिडीत तर इमानाचा संबंध मला फारसा दिसतच नाही. चहा किती कप घेतोस? भट्टीवरची माणसं सहा-सात घेतात. चहा अचानक तुटला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवसाच्या आगेमागे सगळ्यात जास्त ठणकतं आणि पुरतं जायला आठवडाही लागू शकतो. त्यात तंबाखूही तुटलेली, झोप दोन तुकड्यांत. सुपरवायझरवर खेकसलं ते निम्मं चहानं. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच कप कमी करत आण, पहिला आठवडा बराच हलका जाईल. आणि कुणी भांडायला आलं तर 'मी रोज्यानं आहे' असं म्हणावं, ही हदीस तुला माहीत असेलच. मला ती मानसशास्त्रज्ञ म्हणूनही आवडते. अमुक घडलं तर मी तमुक करीन असं आधी ठरवून, शब्द तयार ठेवून गेलेला माणूस ऐन वेळी जास्त टिकतो, हे आमच्याकडं गोलविट्झरांनी १९९० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. मशिदीतल्या पोरांना ते पाठच असतं. शिवाय गंमत बघ, इथं रोजा असल्याचं मोठ्यानं सांगायलाच सांगितलं आहे. सांगणं म्हणजे दरवेळी मिरवणं नसतं.

रोजा अवघड असावा की नसावा, यावरही तुझा गोंधळ आहे. अवघड असणं हा त्याचा दोष नाही. कांपांते आणि यानागिझावा-ड्रॉट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये एक फार हुशारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रमजान ऋतूंमधून फिरतो आणि दिवसाची लांबी देशागणिक वेगळी, म्हणून काही वर्षी काही देशांत रोजे लांब पडतात. (आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यानं आपल्याकडं साडेबारा ते साडेचौदा तासांतच खेळ. उत्तरेकडं उन्हाळ्यात अठरा तासही होतात.) त्यांना मुस्लिम देशांत असं दिसलं की रोज्याचे तास वाढले की देशाच्या उत्पन्नाची वाढ जरा मंदावते आणि माणसं मात्र स्वतःला जास्त सुखी सांगतात. कष्ट जास्त, समाधानही जास्त. नवरात्रात अनवाणी चालणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण ते समाधान भुकेचं, तहानेचं आहे. भोवळ येऊन भट्टीशेजारी पडण्याचं नव्हे. तहान लागणं आणि शरीरानं साथ सोडणं यांत फरक आहे, आणि तो ओळखायला इमान कमी लागत नाही.

पुढच्या रमजानला महिनाभर आधी रात्रपाळी मागून घे. ओतकाम इफ्तारनंतर आलं की पाणी हवं तेवढं पिता येतं. रात्रपाळी नसेल तर महिन्यापुरता भट्टीवरून साच्यांकडं किंवा तपासणीकडं बदल मिळतो का बघ. दिवाळीत तू दुसऱ्या कुणाची पाळी घेतलीच असशील, कोल्हापुरात ही देवघेव नवी नाही.

आता अब्बा. मला वाटतं तुझ्या पत्राचा खरा विषय तेच आहेत, तू त्यांना शेवटच्या चार ओळींत घातलंस तरी.

साखर असलेल्या माणसाचा रोजा ही हलकी गोष्ट नाही. तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेही रुग्णांची पाहणी २००१ मध्ये झाली होती. तुझ्या वडिलांसारख्या, म्हणजे टाईप टू मधुमेहाच्या, रुग्णांपैकी जवळजवळ ७९ टक्क्यांनी निदान पंधरा रोजे धरले होते. आणि साखर धोकादायक उतरून दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानात साडेसात पटीनं वाढलं. म्हणजे अब्बा एकटे हट्टी नाहीत. पाचातले चार जण त्यांच्यासारखेच आहेत. नुसतं 'डॉक्टर नको म्हणतात' हे वाक्य त्या चौघांवर चालत नाही, कारण डॉक्टर साखरेबद्दल बोलत असतात आणि ते चाळीस वर्षांबद्दल.

चाळीस वर्षांत एक रोजा चुकला नाही. या वाक्यात अभिमान आहे, पण मला भीती जास्त ऐकू येते. आकडा जितका मोठा तितकी तो मोडण्याची भीती मोठी. मी एकदा सुटलो की मी कोण, असा तो प्रश्न आहे. शिलाईचं दुकान चालवलेला, आता डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी साथ सोडलेला माणूस (अंदाज आहे, तू फक्त 'आता दुकानात बसत नाहीत' इतकंच लिहिलं होतंस) एका गोष्टीला धरून आहे. ती काढून घ्यायला निघालास तर तो लढणारच. त्यांच्यातही तोच हवालदार बसला आहे, फक्त तुझ्यापेक्षा सिनियर.

आणि आता मघाच्या संध्याकाळकडं ये. तू खजूर घेऊन गप्प का बसलास? घरात रोजा मोडला असं म्हणायला जागाच नव्हती म्हणून. मोठा माणूस चाळीस वर्षांचा आकडा सांगतो, पाहुणे माना डोलावतात, अम्मी कौतुकानं बघते, त्या बैठकीत 'मी दुपारी पाणी प्यालो' हे वाक्य कुठं ठेवणार? पण मग विचार कर, अब्बांना जर दुपारी चारला घाम सुटला, हात कापायला लागले, तर तेही ते वाक्य कुठं ठेवणार? ते तुझ्यासारखेच भिंतीला टेकतील आणि त्यांच्याजवळ पाटील नसेल.

म्हणून, कुठल्या तोंडानं सांगू असं विचारतोस तर ज्या तोंडानं पाणी प्यालास त्याच. उपदेश करू नकोस, आयत म्हणून दाखवू नकोस, साडेसात पट तर अजिबात नको. एखाद्या रात्री जेवणं झाल्यावर, अम्मी आत असताना, त्यांच्याजवळ बस आणि बाराव्या रोज्याचं सांग. अंधारी आली, भिंतीला टेकलो, पाटलानं पाणी दिलं, मी प्यालो, तुम्ही पाहुण्यांना सांगत होता तेव्हा मला तोंड उघडवेना. कजा कशी करू तेवढं सांगा. आलिमांना विचारायला बरोबर येता का, असंही विचार. थोडे रागावतील. रागावू देत. पण बाप पोराला 'जिवावर बेतलं असतं, प्यालास ते बरं केलंस' असं म्हणाला, तर ते वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानांनीही ऐकलेलं असेल. माझ्याकडं येणाऱ्या घरांत मी हे होताना पाहिलं आहे. नेहमी होतं असं नाही. एकदा एक वडील तीन महिने बोलले नाहीत. नंतर बोलले.

बाकीचं कामकाजाचं आहे आणि त्याला घाई नाही, रजबपर्यंत वेळ आहे. रमजानच्या दोन महिने आधी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन जा आणि 'रोजा धरू का' असं विचारण्यापेक्षा 'धरायचाच झाला तर कसा, आणि कुठल्या परिस्थितीत बिलकुल नाही' असं विचार. गोळी कुठली, साखर किती वर-खाली होते, मूत्रपिंडं कशी आहेत, यावर उत्तर ठरतं. काहींना नाहीच म्हणावं लागतं, काहींना गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून परवानगी मिळते. मात्रा त्यांनी स्वतःच्या मनानं बदलायची नाही. हे पुष्कळ जण करतात, आणि खरा घात तिथंच होतो. बोटाला टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही, हे त्यांना मौलानांच्या तोंडून ऐकव, तुझ्या नको. ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथंच थांबवायचा, हे दोन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. चाळीसच्या शेजारी हेही दोन आकडे घरात असू देत. आणि कायमचेच जमणार नसतील तर फिदिया आहे, प्रत्येक रोज्यामागं एका गरजूचं जेवण. हाताला सवय असलेल्या माणसाला बसून राहण्यापेक्षा तीस दिवस कुणाच्या तरी घरी डबा पोचवणं जास्त मानवतं. माझ्या सासऱ्यांनी शेवटची चार वर्षं तेच केलं. डबा पोचवायला उशीर झाला की आम्हाला शिव्या घालायचे, म्हणजे रमजानचा ताण त्यांचा होता तेवढाच राहिला.

राहिला पाटील. त्याच्याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण पत्रात त्याचं नाव आहे आणि अम्मीचं नाही. (नाव मी बदललं आहे, घाबरू नकोस.) त्यानं बघितलं, त्याला माहीत आहे, म्हणून तू त्याला टाळतोस का? टाळत असशील तर पुढच्या जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच्याशेजारी बस आणि विषय काढ. तू लिहिलं आहेस की तो घटाचे नऊ दिवस कडक धरतो, उठता-बसता (फक्त पहिला आणि शेवटचा दिवस) नव्हे. भट्टीपुढं नऊ दिवस काढणाऱ्या माणसानं जग पुढं करून तोंड का फिरवलं, हे त्यालाच विचार. त्याच्याकडंही एखादी माळ असेल, पाचवी किंवा सातवी, जिचं त्यानं घरी सांगितलेलं नाही.